मयेकर बोलतात तेव्हा

मयेकर माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या वतीने त्यांची बहीणच बोलत होती. सुनंदाताई कात्रजला राहतात, डेअरीच्या मागच्या बाजूला. कात्रजहून खडकीला यायचं म्हणजे सगळं पुणं ओलांडायचं. बस बदलत, उन्हातून त्या भावाला घेऊन आल्या, त्याला खुर्चीवर बसवलं आणि डॉक्टरला लक्षणं सांगावीत तसं मला सांगू लागल्या.

"दादा आमच्या गावी रिक्षातून पुकारा करायचा. साड्यांचा सेल, पाणी येणार नाही, नाटक लागलंय, कुणाचं काय हरवलंय, सगळं हाच सांगायचा. वादळानंतर मी त्याला इकडे आणला. पण घरात तोंड उघडत नाही हो. कुणीतरी सांगितलं, तुमच्याकडे आवाजाचं काम असतं. म्हटलं, निदान कामापुरतं तरी बोलेल."

मयेकर माझ्याकडे बघत होते. पन्नाशी ओलांडलेला, बारीक अंगाचा माणूस. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. हातात घडी केलेला रुमाल होता आणि तो ते अधूनमधून ओठांवर टेकवत होते, जणू तोंडातून काही सांडेल अशी भीती होती.

माझा स्टुडिओ म्हणजे खडकीत, सान्यांच्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या. तिथे आम्ही लिफ्टमधल्या सूचना, बँकेच्या फोनवरचे 'कृपया प्रतीक्षा करा', दवाखान्यातले टोकन नंबर असलं रेकॉर्डिंग करायचो. मी मयेकरांना आतल्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन दिले आणि समोर एक साधा कागद ठेवला. त्यांनी माइकवर दोन बोटं हलकेच आपटली. मग वाचलं, "कृपया दारापासून दूर उभे राहा."

त्या आवाजाचं वर्णन मला आजही नीट जमत नाही. तो फार भारदस्त नव्हता, गोड तर मुळीच नव्हता. पण तो सगळ्यांसाठी नसायचा. तो तुमच्या एकट्यासाठी असायचा. हेडफोन लावून मी बाहेर बसले होते, मध्ये काच होती, आणि तरीही मी माझी खुर्ची दारापासून मागे ओढली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून साने खाली आले. निवृत्त गृहस्थ, सकाळच्या चहाला कुणी हाक मारली तर तीन दिवस बोलायचे नाहीत. आज ते चहा टाकून आले होते.

"मला कोणी बोलावलं?"

"कोणी नाही काका. रेकॉर्डिंग चाललंय."

"असं कसं? मला नावानिशी बोलावलं." मग काचेतून त्यांनी मयेकरांना पाहिलं, थोडे ओशाळले आणि पुणेरी उत्तर शोधून म्हणाले, "भिंतींना एवढा फोम लावलात, त्याचा काही उपयोग आहे की शोभेला आहे?"

भिंती जाड होत्या. त्याआधी कधी कुणाचा आवाज वर गेला नव्हता.

मयेकर कामाला येऊ लागले. ते वेळेच्या आधी यायचे, चप्पल दाराबाहेर समुद्राकडे पाठ करून काढायचे. खडकीत समुद्र कुठला, पण ते आधी दिशा बघायचे आणि मगच चप्पल ठेवायचे, पश्चिमेकडे टाचा करून, म्हणजे पाय घातले की उलट्या दिशेला निघता येईल. काम झालं की रुमाल पुन्हा ओठांवर. चहा हवा का विचारलं तर मान हलवायची. पाणी हवं तर ग्लासकडे बोट. साने म्हणायचे, "तुमचे पाहुणे बोलण्याचे पैसे घेतात, त्यामुळे फुकटात काही मिळेल अशी आशा ठेवू नका."

एक गोष्ट मात्र ते कधी वाचायचे नाहीत. कागदावर 'लक्ष द्या' असं आलं की पेन काढून ते दोन शब्द खोडायचे आणि पुढचं वाचायचे. मी एकदा कारण विचारलं. त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

आमच्या भागात फॅक्टरीचा भोंगा वाजतो. पाळी सुटली की वाजतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. त्या वेळी आम्ही रेकॉर्डिंग थांबवून चहा घेतो. मयेकर आल्याला थोडे दिवस झाले होते. भोंगा वाजला आणि ते हेडफोनसकट उठले. वायर ताणली गेली, स्टँड पडला. ते तसेच बाहेर फाटकापाशी गेले. मला वाटलं, आकाशाकडे बघतील. ते रस्त्याकडे बघत होते. भाजीवाली भाजी निवडत होती. इस्त्रीवाला इस्त्री करत होता. दोन बायका दुचाकी उभी करून गप्पा मारत होत्या.

"कुणी उठलं नाही," मयेकर म्हणाले.

कामाबाहेर माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, "अहो, तो रोजचाच आहे."

ते माझ्याकडे वळले. "हो मॅडम. मीपण रोजचाच होतो."

मग त्यांनी त्या दिवसाची हकिकत सांगितली. फाटकाला धरून, उभ्या उभ्याच, अगदी हलक्या आवाजात. त्यांच्या शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथलं ते बंदराचं शहर. मयेकर कधी त्याचं नाव घेत नसत, 'खाली' म्हणत.

"सकाळी चांगलं ऊन होतं. कचेरीतून सांगितलं, वादळ येतंय, समुद्र आत घुसेल, खालचा भाग रिकामा करायला सांगा. मी रिक्षा काढली. 'मंडळी, लक्ष द्या, घरं सोडा, शाळेच्या टेकडीवर चला.' बाजारात सांगितलं, मशिदीपाशी सांगितलं. लोक बघत होते. कालपर्यंत याच आवाजात मी त्यांना साड्या विकल्या होत्या ना. खाडीच्या गल्लीत शिरलो तर बापू तारी ओट्यावर दाढी करत बसलेला. शाळेपासूनचा माझा दोस्त. तोंडाला फेस, हातात आरसा. मला म्हणाला, 'रघू, आज कसला सेल रे?'"

त्यांनी रुमाल ओठांवर टेकवून पुन्हा खाली घेतला.

"मला हसू आलं मॅडम. त्याचं तोंडच तसं होतं. मी हसलो, आणि माइक चालू होता."

ते हसणं रिक्षावरच्या कर्ण्यातून सगळ्या गल्लीत गेलं. गल्लीतली माणसंही हसली. कुणी उठलं नाही. दुपारी पाणी आलं, आणि संध्याकाळी ती गल्ली तिथे नव्हती.

"नंतर टँकर यायचे पाण्याचे. मला म्हणाले, पुकारा करा. मी रिक्षातून सांगितलं, 'मंडळी, टँकर आला आहे.' बायका कळश्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. माझा आवाज ऐकला आणि कळश्या तिथेच टाकून टेकडीकडे पळत सुटल्या. म्हाताऱ्या, पोटुशा, सगळ्या. आधी हसून घात केला, मग पाण्यावरून उठवलं. त्या दिवसापासून तोंड बंद ठेवलं."

भोंगा केव्हाच थांबला होता. आम्ही आत गेलो आणि उरलेला कागद त्यांनी वाचून पुरा केला.

तो कागद येरवड्याकडच्या एका मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टसाठी होता. 'लिफ्ट वर जात आहे. लिफ्ट खाली जात आहे.' एवढंच. रेकॉर्डिंग दिलं, लिफ्टमध्ये बसलं, आणि मी विसरूनही गेले.

काही महिन्यांनी एक बाई स्टुडिओचा पत्ता शोधत आली. शमीम मुकादम. मयेकरांच्याच शहरातली, तिथल्या नगरपरिषदेत काम करणारी. आईला उपचारासाठी पुण्याला घेऊन आली होती. तिने खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली.

ती आईची चाकाची खुर्ची घेऊन लिफ्टमध्ये शिरली होती. दार लागायच्या आधी वरून आवाज आला, 'वर जात आहे.' त्यानंतरचं तिला धड आठवत नव्हतं. खुर्ची लिफ्टमधून मागे ओढली, बाजूच्या उतारावरून ढकलत ती वर निघाली. मजल्यामागून मजला. आई खुर्चीत गप्प बसली होती, तिनेही कुठे चाललोय म्हणून विचारलं नाही. गच्चीच्या कुलूपबंद दाराशी रखवालदाराने त्यांना अडवलं.

"तो म्हणाला, कुठे निघालात? मी म्हटलं, वर. तो म्हणाला, वर काय आहे?" शमीम पाणी प्यायली. "आणि मागे वळून बघितलं तर आमच्या मागोमाग अजून एक घर आलं होतं. आमच्याच गावचं. त्यांचाही पेशंट होता. पिशव्या घेऊन, उतारावर, एका ओळीत उभे. मी त्यांना हाक मारली नव्हती. त्यांनीपण तेच ऐकलं होतं."

आतल्या खोलीचं दार उघडलं. मयेकर उभे होते. शमीम उठून उभी राहिली.

"रघूभाऊ, मी तुम्हाला न्यायला आले."

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"आम्ही भोंगे बसवलेत किनाऱ्याला. तालीम घेतली. भोंगा वाजला तर माणसं समुद्राकडे धावली, मोबाइल घेऊन, फोटो काढायला. पुन्हा तसं आलं तर आम्ही काय करायचं? तुमच्या आवाजाला माणसं उठतात. इथे पुण्यात उठली, तिथे उठणार नाहीत?"

मयेकरांनी रुमाल खाली घेतला. "मी हसलो होतो, शमीम."

"ठाऊक आहे. आमच्या गल्लीतपण ऐकू आलं." ती एक पाऊल पुढे आली. "अब्बा नमाजाला उभे राहत होते. ते हसणं ऐकून म्हणाले, रघू कधी असा हसत नाही, घाबरलाय तो, चला. आम्ही कुलूपसुद्धा लावलं नाही. आमची सगळी गल्ली अब्बांच्या मागे गेली, रघूभाऊ. आम्ही त्या हसण्यानेच वाचलो."

मयेकर भिंतीला टेकून खाली बसले. मी सान्यांना हाक मारणार होते, पण ते आधीच दारात येऊन उभे होते.

मयेकरांनी दोन अटी घातल्या. पुण्यातल्या सगळ्या लिफ्टमधून, फोनमधून त्यांचा आवाज काढायचा. आणि खाली रेकॉर्डिंग वाजवायचं नाही, ते स्वतः बोलतील. "वाजवता येतं म्हटलं की रोज वाजवतील," ते म्हणाले. मी एका मुलीकडून सगळ्या सूचना पुन्हा वाचून घेतल्या. इस्पितळातल्या लिफ्टमध्ये आता ती बोलते, आणि तिचं कुणी ऐकत नाही.

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. कर्णे कुठे बसवायचे ते बघायला मी बरोबर होते. घाट उतरल्यावर एका वळणावर ते शहर एकदम दिसलं आणि मी गाडी थांबवायला सांगितली. इतकं सुंदर शहर मी पाहिलं नव्हतं. खाडीचं हिरवं पाणी समुद्राच्या निळ्यात शिरत होतं. घरांवर नवे पत्रे होते, निळे, लाल, आणि सगळे एकाच वेळी चमकत होते. मग लक्षात आलं की मधूनमधून जे खांब दिसताहेत ते खांब नाहीत, शेंडे उडालेले माड आहेत. त्यांच्या पायाशी नवी रोपं लावली होती आणि प्रत्येक रोपाला बांबूचं कुंपण होतं, लहान मुलाला पाळणा करावा तसं.

खाली उतरल्यावर पाण्याची खूण दिसली. प्रत्येक भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर, एक मळकट रेघ. काहींनी घर रंगवलं होतं, पण रेघेपर्यंतच. वरचा रंग जुनाच होता. एक मोठी होडी वाहून आलेली, बाजारामागच्या मैदानात तशीच पडली होती, तिच्या आत कोंबड्या राहत होत्या. गवंडी कामं करत होते, चुन्याचा वास होता, बायका जाळी विणत होत्या, सुरमईचे तुकडे वाळत पडले होते. सगळं चाललं होतं. फक्त आमची रिक्षा पुढे गेली की मागे आवाज कमी व्हायचा. माणसं रिक्षात बसलेल्या माणसाकडे बघत, मग हातातलं काम खाली ठेवत. मयेकर अजून एक अक्षरही बोलले नव्हते.

तालीम दुसऱ्या दिवशी सकाळी होती. लोकांना आधी सांगितलं होतं की ही तालीम आहे, खरं काही नाही. मी रिक्षात मागे, शमीम पुढे ड्रायव्हरशेजारी. बाजाराच्या तोंडाशी मयेकरांनी माइक हातात घेतला, दोन बोटं आपटली.

"मंडळी, लक्ष द्या. घरं सोडा. शाळेच्या टेकडीवर चला."

बाजार उठला.

मी धावपळ होईल म्हणून तयार होते. कुणी धावलं नाही. कुणी बोललं नाही. शिंप्याने मशीन थांबवलं आणि तो निघाला. कोळणी मासे तसेच टाकून उठल्या. दुकानदारांनी शटर ओढलं नाही. एका घरातून कुकरची शिट्टी वाजत राहिली आणि त्या घरातली बाई पाळण्यातलं मूल उचलून आमच्या रिक्षासमोरून गेली, तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गल्ल्यागल्ल्यांतून माणसं येऊन मिळत होती. चपलांचा आवाज तेवढा होता. लख्ख ऊन, मागे शांत समुद्र, आणि एक अख्खं शहर मुकाट्याने चढ चढत होतं. मीही रिक्षातून उतरून त्यांच्याबरोबर चालायला लागले होते, हे मला शमीमने दंडाला धरलं तेव्हा कळलं.

"ताई, बसा," ती म्हणाली. "अजून एक गल्ली राहिली."

खाडीच्या गल्लीत आता घरं नाहीत. जोती आहेत, पायऱ्या आहेत, एका ठिकाणी तुळशीवृंदावन उभं आहे. त्यावर समुद्राकडचं जाडं गवत वाढलंय. ड्रायव्हर तिथून गाडी वळवणार होता. मयेकरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल, आत घे."

गल्लीच्या मधोमध त्यांनी रिक्षा थांबवली आणि पूर्ण पुकारा केला. एकही शब्द न गाळता. मग माइक तोंडाशी धरून ते थांबले. म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून उठवायला, दूध झाकून ठेवायला, दार लोटायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते थांबले. एका जोत्यापाशी त्यांनी वाकून पाहिलं. कर्ण्यातून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बापू, चल," ते म्हणाले.

त्या उजाड गल्लीत वारा नव्हता. तरी आमच्या दोन्ही बाजूंचं गवत हललं, खालून वर, एका मागोमाग एक, आणि मग पुन्हा स्थिर झालं. मी शमीमकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. ड्रायव्हरने गाडी इतकी हळू चालवली की कुणीही पायी बरोबर येऊ शकलं असतं.

टेकडीवर सगळं शहर उभं होतं. समुद्राकडे तोंड करून, गप्प. शमीमने सांगितलं, तालीम झाली, जा आता. कुणी हललं नाही. अधिकाऱ्यांनी सांगितलं. कुणी हललं नाही. उन्हं वर आली, मुलं कडेवर झोपली. तेव्हा मयेकरांच्या लक्षात आलं. वादळाच्या दिवशी त्यांनी लोकांना वर बोलावलं होतं, पण परत जा असं त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार होतं?

ते शाळेच्या पायरीवर चढले. माइकवर दोन बोटं आपटली.

"मंडळी," ते म्हणाले, "आता घरी जा."

पहिल्यांदा एक म्हातारी रडली. मग सगळे बोलायला लागले, एकदम, कुकर, मासे, उघडी दुकानं, आणि टेकडी बाजारासारखी गजबजली. उतरताना माणसं मयेकरांच्या बाजूने जात आणि त्यांच्या बाहीला नुसता हात लावत.

मयेकर तिथेच राहिले. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वादळ आलं. शमीमने मला नंतर फोनवर सांगितलं. पाणी बाजारपेठेत शिरलं, होड्या गेल्या, नवी रोपं गेली. माणूस एकही गेला नाही.

"आणि मयेकर?" मी विचारलं.

"ते बोलत नाहीत ताई. तालमीपासून एक शब्द नाही, वादळाच्या दिवसापुरते बोलले. मासे घेतात ते बोट दाखवून. कोळीण बोटांनीच भाव सांगते. आम्ही त्यांच्याशी बोलतो, ते मान हलवतात. एकदा कागदावर लिहून दिलं, आवाज पुन्हा रोजचा व्हायला नको. लहान मुलांना वाटतं ते मुके आहेत. सगळ्यांनी त्यांना समजून घेतलंय. पण एवढ्या गर्दीत एक माणूस असा गप्प राहतो, आमच्यासाठी. कधी कधी बघवत नाही."

हे मी सुनंदाताईंना सांगायला फोन केला, तर त्या हसायला लागल्या. "इकडे येऊन बघा. दादा आलाय, चार दिवस झाले."

मी दुसऱ्या दिवशी दुपारी कात्रजला गेले. सुनंदाताई म्हणाल्या, तो आत्ताच निघाला, बस गाठायला. मी चौकात गेले. उन्हाची वेळ, गाड्यांचा कल्लोळ. थांब्यावर मयेकर उभे होते आणि बोलत होते. शेजारच्या अनोळखी माणसाला ते डाव्या गुडघ्याबद्दल सांगत होते. मग कात्रजच्या दुधाबद्दल, भाचीच्या नवऱ्याच्या नोकरीबद्दल, टोमॅटो किती महाग झाले त्याबद्दल. एक विषय संपला की श्वास न घेता दुसरा. पेरूवालीशी त्यांनी वाद घातला, मग तिलाही गुडघ्याचं सांगितलं. तोच आवाज, पण पुण्यात त्याला कुणी वळूनही पाहत नव्हतं. पेरूवाली म्हणाली, "काका, लई बोलता हो तुम्ही." ते खूश झाले.

मी रस्त्याच्या पलीकडे होते. हाक मारावी असं वाटलं, पण त्यांचा तेवढाच वेळ मी का घ्यायचा?

बस आली. मयेकर पायरीवर चढले, तरी मागे वळून त्या माणसाला काहीतरी सांगतच होते. भाचीच्या बाळाचं बारसं असावं. कंडक्टरने घाई केली. खिडकीशी बसल्यावर त्यांनी डोकं बाहेर काढून वाक्य पुरं केलं. मग बस हलली, बोगद्याच्या रस्त्याला लागली, आणि इतक्या लांबूनही मला त्यांचं तोंड मिटलेलं दिसलं.